शेपटामागे कोणी नाही

रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी सुईमावशी सायकलच्या दोन्ही टायरांवर अंगठा दाबून बघायच्या. आधी पुढचा, मग मागचा, आणि दाबताना डोळे मिटलेले. चौतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, सात नंबरच्या खोलीत, लोकांच्या कोपराच्या खळगीत असाच अंगठा दाबून नस शोधली होती, आणि नस डोळ्यांनी शोधणाऱ्यांबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं. टायरलाही त्या नसच समजायच्या. टणक लागली की "आहे" म्हणायच्या, मऊ लागली की "पडलीय." हवा मोजायचं यंत्र त्यांना कुणीतरी भेट दिलं होतं. ते खिडकीच्या फटीत खोचून ठेवलेलं होतं, तावदान वाजू नये म्हणून.

अर्ध्या शहराचं रक्त त्यांच्या हातून गेलं होतं. त्यामुळे त्या रस्त्यात दिसल्या की अर्धं शहर नकळत बाही खाली ओढायचं.

चावीवाला त्या अर्ध्या शहरातलाच. हॉस्पिटलच्या फाटकाला चिकटून त्याचं एवढंसं दुकान होतं: एक काउंटर, चाव्या कापायचं एक यंत्र, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या, आणि एक स्टूल. त्या स्टुलावर तो सकाळी नऊला बसायचा आणि संध्याकाळी सातला उठायचा. मधे उठावं लागू नये म्हणून कानस, पाण्याची बाटली, बिस्किटांचा डबा, सगळं त्याने हाताच्या अंतरावर लावलेलं होतं. वय त्रेचाळीस. शर्टाची खालची दोन बटणं लावायचा नाद त्याने केव्हाच सोडला होता.

मावशी रिटायर झाल्या त्याच्या सहा महिन्यांनंतर एक दिवस कपाटाची चावी करून घ्यायला त्याच्या काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या. चावीकडे त्यांनी पाहिलंच नाही, त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"साखर किती होती रे तुझी गेल्या खेपेला?"

"नॉर्मल."

"रक्त मी काढलं होतं. रिपोर्ट मी वाचला होता."

"मग विचारता कशाला मावशी?"

"खोटं किती सफाईने बोलतोस ते बघत होते. घरी काय सांगितलंयस?"

"नॉर्मल."

"रविवारी सकाळी सहाला पाण्याच्या टाकीखाली ये. सायकल घेऊन."

"मला आता कुठली सायकल यायला—"

"शाळेत असताना येत होती ना? मग येते. केस जातात, दात जातात, सायकल जात नाही. चावी किती वाजता देतोस?"

तो गेला, कारण सुई हातात नसतानाही त्या बाईंना नाही म्हणणं अवघड होतं. मेव्हण्याची जुनी सायकल मागून आणली. तिच्या सीटवर तो बसला तेव्हा सीटने जो आवाज केला तो टाकीखाली जमलेल्या सगळ्यांनी ऐकला आणि सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

रविवारची मंडळी असं त्या जमावाचं नाव होतं, जरी ती गुरुवारीही निघायची. तीस-एक माणसं. टाकीपासून निघायचं, गोदामांच्या गल्लीतून नदीवरच्या पुलावर, पुढे खाणीचा चढ, आणि चढ संपला की पाणी शुद्ध करायचं केंद्र. तिथला पहारेकरी पत्र्याच्या शेडखाली बाकं टाकून द्यायचा आणि भलीमोठी चहाची किटली भरून ठेवायचा. चौदा किलोमीटर. सगळ्यात पुढे कप्तान. तो बँकेत अधिकारी होता, चौतीस वर्षांचा, अंगाला चिकटलेले कपडे घालायचा आणि सायकलचं वजन कमी व्हावं म्हणून घंटीसुद्धा काढून टाकली होती त्याने. सगळ्यात मागे मावशी. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, कॅरियरवर पिशवी, पिशवीत पंप, पॅच, सोल्यूशनची ट्यूब, कापूस आणि लिमलेटच्या गोळ्या. या जागेला मंडळी शेपूट म्हणायची.

शेपटाचे नियम दोनच होते. शेपटाच्या मागे कुणी उरायचं नाही. आणि शेपूट पोचेपर्यंत किटली उघडायची नाही.

दोन्ही मावशींनीच केलेले. पहिल्या वर्षी मंडळी एका बाईला पंक्चर झालेल्या सायकलीसकट पुलावर विसरून आली होती, आणि ती पायपीट करत पोचली तोवर चहा, केळी, पाव, सगळं संपवून मंडळी घरीसुद्धा गेली होती. ही बाई जन्मदाखले मिळतात त्या ऑफिसात कारकून होती. तिने पुढे दोन वर्षं मंडळींशी बोलणं टाकलं, आणि मंडळींपैकी दोघांची मुलं तेवढा काळ कागदोपत्री जन्मलीच नव्हती. मावशींनी तिला समजावून परत आणलं तेव्हा नियम करून मगच आणलं.

पहिल्या दिवशी चावीवाला पुलाच्या कठड्याला धरून ओकला. मावशी मागे सायकल धरून शांत उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं."

"छान. वजन कमी झालं. चल."

शेडमध्ये पोचला तेव्हा एकोणतीस माणसं किटलीकडे आणि किटलीवरून त्याच्याकडे बघत होती. त्या नजरांत स्वागत होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मावशींनी शिट्टी वाजवली, पहारेकऱ्याने झाकण काढलं, आणि चावीवाल्याने मनाशी ठरवलं की पुन्हा इकडे पाऊल टाकायचं नाही.

पण गुरुवारी मावशी दुकानासमोर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, आणि तो गेला. मग रविवारी गेला. मग जातच राहिला.

मागे राहायची एक मजा असते, ती त्याला हळूहळू कळली. पुढच्यांना दम असतो पण वेळ नसतो, मागच्यांना दम नसतो पण वेळच वेळ असतो. पुढच्यांना रस्ता दिसायचा, मागच्यांना दारं दिसायची. चावीवाल्याला तर शहर इतकी वर्षं दारांनीच माहीत होतं: कुणाचं कुलूप कुठल्या जातीचं, कुणाची चावी किती वेळा हरवते. त्या दारांमागची माणसं त्याला मागच्या रांगेत भेटली. गोदामाच्या गल्लीतल्या शिलाईकामवाल्या काकू, ज्यांच्या दाराला तीन कुलपं होती आणि आत चोरण्यासारखी एकही वस्तू नव्हती. शाळेतले व्यायामाचे मास्तर, ज्यांचा गुडघा व्यायाम शिकवून गेला होता. काकूंनी त्याच्या सीटला जाड खोळ शिवून दिली. त्याने काकूंची दोन कुलपं काढून दिली. पुलावरचा दिवा वर्षभर बंद होता, तर मास्तरांनी सगळ्यांना एकाच सोमवारी एकाच कचेरीत तक्रार द्यायला लावली. एकतीस तक्रारी, एकतीस हस्ताक्षरं, एकच दिवा. तो बुधवारी लागला. कचेरीतल्या माणसाने हात जोडून सांगितलं, पुढच्या वेळी एकानेच या, खरं तर येऊच नका.

दीड वर्ष असं गेलं. शर्टाची बटणं परत लागायला लागली. मग एका रविवारी खाणीच्या चढावर तो मास्तरांशी वाद घालत होता, कशावरून ते महत्त्वाचं नाही, आणि वादाच्या भरात माथ्यावर पोचला. मागे वळून बघतो तर मावशी पार खाली, चढाच्या पायथ्याच्या मोरीपाशी. नेहमी त्याच्या मागे दहा पावलांवर असलेलं नारिंगी जाकीट आज एवढंसं दिसत होतं, आणि त्या दोघांच्या मधे कुणी नव्हतं.

मावशी वर आल्या. उजव्या गुडघ्यावर हात, चेहरा लालबुंद. "आज जोरात होतास," एवढंच म्हणाल्या, आणि ते कौतुकासारखं वाटलं नाही.

पुढच्या गुरुवारी मंडळीत एक नवा माणूस होता. कुरिअरच्या ऑफिसातला, चावीवाल्याच्या दीडपट, आणि टाकीच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत तीनदा पडलेला.

"मावशी, हा कुठून आणलात?"

"दाताच्या डॉक्टरकडे बसला होता. एक जिना चढून आला तर दहा मिनिटं त्याला नाव सांगता येईना. म्हटलं, हाच."

"खरंच मावशी, लोकांची किती काळजी असते तुम्हाला."

मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची बाही आपोआप खाली आली.

"काळजी कसली डोंबलाची! मला माझ्यापेक्षा हळू माणूस लागतो. तुला काय वाटलं, तुझ्या साखरेसाठी आणलं तुला? तू चांगला ठोंब्या होतास, म्हटलं चार-पाच वर्षं पुरशील. दीड वर्षात मेल्या तू मला चढावर टाकून गेलास."

चावीवाल्याला हसावं की वाईट वाटून घ्यावं ते कळेना. मावशी मात्र सुटल्या होत्या. आधी शिलाईच्या काकूंना आणलं, त्या वर्षात पुढे गेल्या. मास्तरांना गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मुद्दाम घरी जाऊन गाठलं, तर ते सहा महिन्यांत बरेच झाले. सख्ख्या भावाला आणलं, तो तर पहिल्याच महिन्यात पुढे निघून गेला. "घरी गेल्यावर झापला त्याला." आठ वर्षांत पाच माणसांची एकतीस झाली ती या हिशेबाने. कप्तान दर वर्षी भाषणात सांगायचा की मंडळी वाढली ती त्याने छापून घेतलेल्या बनियनांमुळे.

"पण मावशी, शेपूट तर शेवटीच असतं ना? मागे राहिलात तर बिघडलं काय?"

"शेपूट म्हणजे मुद्दाम मागे राहणारा. आणि मुद्दाम मागे राहायला पुढे जाता आलं पाहिजे. नाहीतर ते शेपूट नव्हे, तो नुसता शेवटचा. शेवटच्यासाठी लोक थांबतात रे. शेपूट दुसऱ्यासाठी थांबतं." मग त्या म्हणाल्या, "बोललास कुणाला तर बघ. तुझा रिपोर्ट मला अजून तोंडपाठ आहे."

तो बोलला नाही. पण त्याच महिन्यात मावशींच्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून तो त्यांच्या घरी गेला आणि ती खोली त्याने पाहिली. भावाचं घर. खोलीत शिवणाचं यंत्र, गाद्यांची चळत, उन्हाळ्यापुरता खाली उतरणारा पंखा, आणि या सगळ्यातून उरलेल्या जागेत मावशींची खाट. भावजय चांगली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. ती अर्ध्या तासात चारदा दारात आली आणि चारही वेळा तेच म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला उठलात? बसा हो तुम्ही." मावशींनी कपबशी उचलली तरी बसा, खिडकी लावायला गेल्या तरी बसा. चौतीस वर्षं शहराला रांगेत बसवणाऱ्या बाईला त्या घरात एकच काम उरलं होतं. दारामागे खिळ्याला नारिंगी जाकीट टांगलेलं होतं, धुऊन, इस्त्री करून.

चावीवाल्याने कुलूप सोडवलं आणि घरी जाऊन सायकलचं मागचं चाक पाना लावून थोडं ढिलं केलं.

त्या रविवारी खाणीच्या चढाच्या पायथ्याशी त्याची चेन पडली. गुरुवारीही पडली. मग प्रत्येक वेळी, त्याच मोरीपाशी, पडतच राहिली. तो खाली बसून हात काळे करायचा, लावल्यासारखं करायचा, पुन्हा पाडायचा. मावशी कंबरेवर हात ठेवून बाजूला उभ्या राहायच्या, आणि त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत त्याची चेन काही बसायची नाही. त्याला अभिनय अजिबात जमत नव्हता. चेन पडायच्या आधीच तो "अरेरे" म्हणायचा.

"चाक मागे ओढून आवळ," मावशी म्हणायच्या. "चेन ढिली झाली की पडते. तेलबिल घालून काही होत नसतं, आवळावीच लागते."

"हो मावशी."

"हो काय, आवळ."

"आवळतो मावशी."

बायको म्हणाली, "सगळ्या शहराची कुलपं दुरुस्त करतोस आणि एक चेन होत नाही तुझ्याच्याने?" तो म्हणाला, सायकल मेव्हण्याची आहे.

सगळं ठीक चाललं असतं, पण कप्तानाने एक दिवस शेडमध्ये खिशातून कागद काढला. पुढचा पोचल्यापासून शेपूट पोचेपर्यंत सरासरी सत्तेचाळीस मिनिटं जातात. एवढ्या वेळात घाम वाळतो, स्नायू आखडतात, चहा थंड होतो. इतर शहरांतल्या मंडळींमध्ये असं चालत नाही.

"मावशींबद्दल आदरच आहे मला, पण—"

"पण आधी काढ," मावशी म्हणाल्या. "आदर नंतर बघू."

तर पण असं होतं की शेपूट वीस मिनिटांच्या आत आलं पाहिजे. येत नसेल तर जाकीट कुणातरी तरण्याबांड माणसाकडे द्यावं. मावशींनी निवांत पुढे मधल्या रांगेत यावं, किंवा सरळ शेडमध्ये येऊन बसावं.

बसावं हा शब्द ऐकून चावीवाल्याने मान खाली घातली. मंडळी किटलीकडे बघत राहिली. ती वाईट माणसं नव्हती, भुकेली होती. शेवटी असं ठरलं की येत्या रविवारी कप्तान स्वतः घड्याळ लावून मागे राहील, वेळ नेमका कुठे जातो ते बघेल, आणि मग शेडमध्ये जाकिटाचा निकाल लागेल.

शनिवारी चावीवाल्याने चाक तीनदा आवळलं आणि तीनदा ढिलं केलं. चेन पाडावी तर कप्तान सायकलचा जाणकार. एका नजरेत त्याच्या ध्यानात येणार की ही मुद्दाम पाडलेली आहे, आणि मग का पाडली हेही निघणार. न पाडावी तर चढावर मावशी उघड्या पडणार. कुरिअरवाला तेवढा भरवशाचा हळू माणूस होता, तर तो नेमका अक्कलदाढ काढून घरी पडलेला. शेवटी त्याने चाक आवळलं, आणि झोप काही आली नाही.

रविवारी टाकीखाली मावशींनी नेहमीसारखे सगळ्यांचे टायर दाबले. कप्तानाच्या मागच्या टायरवर अंगठा जरा जास्त वेळ राहिला.

"पडलीय."

"यंत्राने भरलीय मावशी. काल संध्याकाळी. आकडा दाखवू?"

"यंत्राला सांग, पडलीय."

पुलापर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढे चावीवाला, मग मावशी, आणि मावशींच्या मागे, मनगटातल्या घड्याळाकडे बघत, कप्तान. मोरीपाशी चावीवाल्याची चेन पडली नाही. त्याला वाटलं, आता संपलं. तोच मागून शिट्टी वाजली.

मावशी सायकलवरून उतरल्या होत्या.

"काय झालं?" कप्तान म्हणाला.

"तू पुढे हो."

"मी मागेच राहणार मावशी. ठरलंय तसं."

"शेपटामागे कुणी उरायचं नाही. हेही ठरलंय."

"आजच्या दिवस मी शेपूट समजा."

"जाकीट माझ्या अंगात आहे. शेडमध्ये पोचल्यावर काय काढायचं ते काढ. इथे नाही काढायची मी."

"मी मागून बघितलं नाही तर वेळ कळणार कसा?"

"वेळ पुढूनही कळतो. कालपरवापर्यंत पुढूनच मोजत होतास ना?"

कप्तान हलेना. मावशींनी सायकल स्टँडला लावली आणि मोरीच्या कठड्यावर बसल्या. कप्तानाच्या सायकलला स्टँड नव्हता, वजन होतं म्हणून, त्यामुळे तो ती धरून उभा राहिला. चावीवाला दोघांच्या मधे, लग्नात चुकीच्या पक्षाकडे बसलेल्या पाहुण्यासारखा.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. कप्तानाचा फोन वाजला. शेडमधून पहारेकरी विचारत होता, किटलीचं काय करू. कप्तानाने मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली.

"नका उघडू," कप्तान फोनवर म्हणाला, आणि पलीकडून अठ्ठावीस माणसांनी एकदम केलेला आवाज मोरीपर्यंत ऐकू आला.

"मावशी, हा शुद्ध हट्टीपणा आहे."

"आहेच."

"मी लहान आहे म्हणून ऐकून घेतोय."

"लहानपणी पण ऐकायचास. सात वर्षांचा होतास, ताप होता तुला. मूठ आवळ म्हटलं, आवळलीस. मग सोड म्हटलं तर मुठीबरोबर बाकीचंही सोडलंस. खुर्ची पुसली होती मी."

चावीवाल्याने खोकला आल्याचं सोंग केलं. याही सोंगात तो कच्चाच निघाला.

खोकला संपला, आणि एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी दातांतून हळूच श्वास सोडावा तसा. तिघेही ऐकत राहिले. मावशींनी डोळे मिटले. कप्तानाची सायकल मागच्या बाजूने हळूहळू, अगदी सभ्यपणे, खाली बसली.

"पडली," मावशी म्हणाल्या.

कप्तानाकडे पंप नव्हता, पॅच नव्हता, पानासुद्धा नव्हता. सगळ्याला वजन असतं. मावशींनी पिशवी उघडली. टायरमधली ट्यूब काढली, आणि भोक शोधायला ती गालाजवळून फिरवली, जशी आई बाळाचा ताप बघते. चावीवाल्याने चाक धरलं. पॅच लावायची वेळ आली तेव्हा मावशींनी कप्तानाला सवयीने सांगितलं, "इकडे बघू नकोस, तिकडे त्या झाडाकडे बघ," आणि त्यानेही सवयीने झाडाकडे बघितलं.

तारेचा तुकडा निघाला, बहुतेक आदल्या दिवसापासून रुतून बसलेला. पॅच बसला. पण मावशींच्या पंपाला त्या सडपातळ टायरचं तोंड नीट बसेना. अर्धीमुर्धीच हवा गेली. त्यावर बसून चढ चढणं शक्य नव्हतं. ढकलत न्यायची होती.

"चल," मावशी म्हणाल्या. "आता तू माझा आहेस. पुढे हो. मी आहे मागे."

अशी ती वरात निघाली. पुढे चावीवाला चालत, मधे कप्तान चालत, मागे मावशी चालत. कप्तानाच्या बुटांच्या तळव्याला सायकलला अडकायचे खिळे होते; तो त्यांवर खडखड करत, पाय वाकडे टाकत चालला होता. अर्ध्या चढावर त्याने मागे वळून पाहिलं. चावीवाल्यानेही पाहिलं. मावशी सायकलच्या हँडलवर जवळजवळ ओणव्या झाल्या होत्या. उजवा पाय जमिनीला लागला की तोंड आवळलं जायचं. कप्तान क्षणभर थांबला. त्याने मनगटातलं घड्याळ बघितलं, मग ते बंद केलं. आणि मग तो चालायला लागला, पण आधीपेक्षा हळू, बुटांमुळे हळू चालावं लागतंय असं दाखवत. चावीवाल्यापेक्षा तो बरा नट होता.

शेडमध्ये पोचले तेव्हा दीड तास झाला होता. मंडळींनी जे स्वागत केलं ते इथे लिहिता येणार नाही. मावशींनी शिट्टी वाजवली, झाकण निघालं, चहा थंडगार होता, आणि सगळ्यांनी तो तसाच प्यायला. मग सगळे कप्तानाकडे बघायला लागले.

"काय निघालं?" मास्तरांनी विचारलं. "वेळ कुठे जातो?"

कप्तानाने खिशातून कागद काढला, त्याला हातावरचं सोल्यूशन पुसलं.

"आज माझ्यापायी गेला," तो म्हणाला. "जाकीट आहे तिथे राहू दे. केळी इकडे सरकवा."

म्हणून तो सुधारला वगैरे असं नाही. तो तसाच शिष्ट राहिला, पुढेच राहिला, बनियनांचं भाषण त्या वर्षीही झालं. पण त्याच्या सायकलला एक छोटा पंप लागला, आणि कुणी वजनाचा विषय काढला की तो दुसरं बोलायचा.

जाकीट मावशींच्या खिळ्यावर आणखी तीन वर्षं राहिलं. कुरिअरवाला सुधारला आणि पुढे गेला. मग एक पेट्या बांधणारा आला, मग हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या दोघी. चावीवाल्याची साखर खरोखरच नॉर्मल आली, आणि घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे? आधी नव्हती?" त्या संध्याकाळी जे झालं ते त्याने मंडळींना सांगितलं नाही. चेन मात्र मोरीपाशी पडतच राहिली. तो आता तो चढ एका दमात दोनदा चढू शकला असता.

एका शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर मावशी ताटं उचलायला उठल्या. भावजय म्हणाली, "ताई, बसा हो तुम्ही." आणि मावशींनी पहिल्यांदाच तिचं ऐकलं. खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. सदुसष्ट वय होतं. भावजयीने पुढे कितीतरी दिवस त्या घरात कुणालाही बसा म्हटलं नाही.

जाकीट चावीवाल्याकडे आलं. त्याने चाक आवळून घेतलं. आता तो कुणाच्या तरी मागे असतो, आणि त्याच्या मागे कुणी नसतं. निघण्याआधी तो सगळ्यांचे टायर अंगठ्याने दाबतो. त्याला त्यातलं काही कळत नाही, पण डोळे मिटतो.

त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, परतीच्या वाटेवर मावशी त्याच्या दुकानापाशी उतरल्या होत्या. त्याच्या सायकलचा पुढचा टायर दाबला, मागचा दाबला, "आहे" म्हणाल्या. मग त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटं कोपऱ्याकोपऱ्यांत काळी, तीन वर्षं धुऊनही न निघालेली. चेन कशाने पडते हे त्याला शिकवलं होतं ते त्यांनीच, दर आठवड्याला, तेलाने काही होत नाही म्हणून. आता मावशी सायकलवर बसल्या, दोन पेडलं मारली, थांबल्या, आणि मागे न बघता, अगदी सरळ आवाजात म्हणाल्या,

"आणि त्या चेनला जरा तेल घालत जा रे. कोरडी आहे, म्हणून पडते."